घडीची होडी आणि राहिलेली हाक

मी, सौ. रंगूबाई सावळीराम विधाते, वय अंदाजे बासष्ट, धंदा फुलशेती, राहणार विधाते वस्ती, गंगापूर धरणाकाठ, तालुका व जिल्हा नाशिक, नवरात्राच्या दुसऱ्या माळेला हे लिहायला बसले आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून मी लिहीत नाही, आणि कोणाच्या धाकाने तर नाहीच नाही. माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय करायचे ते या कागदावर माझ्या हाताने नमूद करून ठेवते. मी सातवी पास आहे आणि माझे अक्षर वकिलांच्या कारकुनापेक्षा बरे आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पण मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडात धरला आणि माझ्याशी बोलायचे सोडून जावयांशी बोलायला लागले, तेव्हा काय ते मी समजले.

वकीलसाहेबांनी पहिल्याच ओळीला हरकत घेतली. म्हणाले, "बाई, ते 'सौ.' तेवढं काढा. श्रीमती लिहा, नाहीतर गंगाभागीरथी." मी विचारले, कशाच्या आधारावर? माझे यजमान श्री. सावळीराम विधाते हे सन १९९७ च्या दसऱ्याच्या आदल्या सकाळी धरणापलीकडच्या मळ्यातून झेंडू आणायला होडीने गेले. होडी परत आली, झेंडू परत आला, हे आले नाहीत. पाण्यात बुड्या मारणाऱ्यांना सापडले नाहीत, जाळ्याला लागले नाहीत, खाली धरणाच्या भिंतीपाशी वर आले नाहीत. मी त्यांना गेलेले पाहिले नाही. अग्नी दिलेला पाहिला नाही. मग कुंकू कशावर पुसू? वकील पेनाचे टोपण चावत बसले. 'सौ.' राहिले.

कलम एक. वस्तीवरचे घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची पडवी, हे माझ्या नावावर आहे. ते माझी एकुलती मुलगी सौ. साधना हिला द्यावे. ती सिन्नरला असते, तिचे यजमान श्री. ज्ञानेश हे तिथल्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. घर विकायचे असेल तर विकावे, माझी आडकाठी नाही. पडवीच्या भिंतीतल्या दोन सागवानी खुंट्या मात्र घेणाऱ्याने उपटू नयेत असे खरेदीखतात लिहून घ्यावे. पोस्टातली बचत, माझी पोत, पाटल्या आणि तांब्याचा मोठा हंडा हेही साधनाचे. हंड्याला खाली पोचा आहे, तो तिनेच लहानपणी पाडलेला आहे.

कलम दोन. यजमानांची हत्यारे. दाभणे, राळेचा डबा आणि शिवताना तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी साधनाने ठेवावी. त्या पट्टीला त्यांच्या हाताचा आकार आलेला आहे, ती धुऊ नये. रंधा सहादू सुताराकडे आहे. तो त्याने मागून नेला आणि पुढे त्याला विसर पडला. रंधा आता त्याचाच समजावा. त्याला मी भर बाजारात चोर म्हटले होते, ते मागे घेते. तो आळशी आहे, एवढेच खरे आहे.

कलम तीन. पलीकडचा मळा. धरण झाले तेव्हा पाण्याने आमच्या जमिनीचे दोन भाग केले. घर इकडे राहिले आणि झेंडू, शेवंतीची काळी जमीन तिकडे. तिकडच्या सात-बारावर यजमानांचे नाव आहे, त्याला लागून धाकटे दीर कोंडाजी यांचा तुकडा आहे. हल्ली धरणाकाठी द्राक्षाच्या दारूचे कारखाने आणि मोठ्या लोकांचे बंगले झाले आहेत, आणि एका गिऱ्हाइकाला आमचे दोन्ही तुकडे एकत्र हवे आहेत. त्यासाठी मी कोर्टात अर्ज द्यायचा की माझे यजमान मृत धरावेत. सात वर्षे माणसाची खबर नसली तर कायदा तसे धरतो म्हणे. कायद्याला सात वर्षे पुरत असतील. मला नऊ पुरली नाहीत. मी जिवंत आहे तोवर त्या अर्जावर माझी सही होणार नाही.

कलम चार. घडीची होडी.

हे कलम लांब होणार आहे. वकीलसाहेबांनी घाई करू नये.

यजमान नाशकात एका ताडपत्रीच्या दुकानात शिलाईला होते. देवळाली कॅम्पात लष्कराचा भंगार माल लिलावात निघे, तिथे त्यांनी एक मोडकी घडीची होडी पाहिली. ती घेण्याइतकी ऐपत नव्हती, म्हणून हे तिच्याभोवती नुसते फिरत राहिले, इतके की पहारेकऱ्याने हटकले. घरी येऊन त्यांनी गव्हाच्या पिठाच्या चार पोळ्या एकमेकींना चिकटवून मला तिची घडी दाखवली. त्या पोळ्या वाया गेल्या म्हणून मी रागावले होते. पुढे त्या पोळ्यांतूनच आमचा संसार वर आला.

रस्त्याने मळ्यात जायचे म्हणजे गिरणारे गावावरून मोठा वळसा, आणि फूल तर उजाडता बाजारात पोचले पाहिजे. होडीमुळे ते जमू लागले. मग आमचे बघून लोक मागायला आले आणि यजमानांनी इतरांनाही करून दिल्या. बाजारात टोपल्यांच्या मागे उभे राहून हे होडीची जाहिरात करत. अजून माझ्या कानात आहे: "होडी कसली, दार हाय बघा हे! मिटवलं का दार, उघडलं का होडी. डोक्यावर घ्या, यष्टीच्या टपावर टाका. काठाला बांधून ठेवायची नाय, म्हंजी चोराचं भ्या नाय. दिवाळीला धरणाचं पाणी अंगणात, वैशाखात पार लांब चिखलाच्या पल्याड. लाकडाची होडी तितंच रुतून बसती. ही तुमच्या संगं चालत जाती पाण्याकडं!"

हे फायदे झाले. तोटे ते सांगत नसत, म्हणून मी सांगते. ओली मिटवली तर ती कुजते. आणि न बघता मिटवली तर आत काय राहून जाईल त्याचा नेम नाही.

जोडायची रीत साधनाला माहीत आहे, पण लिहिलेली बरी. होडीला चार फळ्या, दोन तळाच्या आणि दोन बाजूच्या, कॅनव्हासच्या पट्ट्यांनी शिवून राळ आणि डांबराने बुजवलेल्या. होडी सपाट जमिनीवर ठेवावी, तळाच्या फळ्यांवर गुडघे टेकावेत आणि बाजूच्या फळ्या दोन हातांनी उकलाव्यात. जोर करू नये, ती आपण होऊन उघडते. मग बसायच्या तीन पाटांपैकी आधी मधला खाचेत बसवायचा. मागचा किंवा पुढचा आधी बसवला तर मधला कधीच बसत नाही, आणि मग माणसे हातोडी मारतात. तिन्ही पाट बसले की खिट्ट्या घालायच्या. सगळे सांधे हाताने चाचपायचे, डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. शेवटी होडी दोन दगडांवर ठेवून आत तांब्याभर पाणी ओतायचे आणि खाली वाकून बघायचे. आतले पाणी बाहेर येत नसेल तर बाहेरचेही आत येणार नाही.

मिटवायची रीत याच्या उलट, पण तिच्यात एक गोष्ट जास्त आहे. सुरुवातीच्या वर्षी सुलाबाई शेजारणीची तलंग कोंबडी आमच्या होडीत जाऊन बसली आणि यजमानांनी घाईत होडी मिटवली. सकाळी उघडली तेव्हा जे दिसले त्यानंतर सुलाबाई वर्षभर आमच्याशी बोलली नाही. तेव्हापासून यजमानांनी नियम केला. मिटवण्याआधी वाकून मधल्या पाटावर थाप मारायची, मोठ्याने म्हणायचे, "उतरा हो, घर आलं!" आणि आतल्याला उतरायला लागेल इतका वेळ थांबायचे. एका कोंबडीपायी सुरू झालेली ही हाक पुढे सगळ्यांची झाली. निफाडकडचे एक मास्तर नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला आमची होडी नेत, तेसुद्धा एकटे असताना हाक देत. हाक न देता होडी मिटवणे म्हणजे आमच्या वस्तीवर आत माणूस असताना घराला कुलूप घालण्यासारखे मानतात.

कलम पाच. कोंडाजी यांना माझ्या मिळकतीतून काहीही देऊ नये. एक दाभणसुद्धा नाही.

कारण असे. त्या सकाळी सुलाबाई या काठावर धुणे धूत होती. तिने यांना येताना पाहिले. होडी झेंडूने काठोकाठ भरलेली, निम्म्या पाण्यात, हे मधल्या पाटावर बसलेले. ती पिळे टोपलीत टाकायला वळली. पुन्हा बघते तो होडी होती, झेंडू होता, पाटावर कोणी नव्हते. वारा नव्हता. होडी उलटली नव्हती, आत थेंबभर पाणी नव्हते, खिट्ट्या जागच्या जागी होत्या. यजमान पट्टीचे पोहणारे होते. काय झाले ते मला तेव्हा कळले नाही, आजही कळलेले नाही.

माणसे शोधत राहिली. होडी ओढून आमच्या अंगणात आणून ठेवली होती. शोध सोडून सगळे परत आले त्या संध्याकाळी मी दारात उभी होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत कोंडाजीने पाट उपसले आणि होडी मिटवली. ओली होती तशी. पाटावर थाप नाही, हाक नाही, थांबणे नाही. फाडकन मिटवली आणि पडवीत खुंट्यांवर टांगली. सख्खा भाऊ पाण्यातून आलाय की नाही हे बघण्याइतका धीर त्याला नव्हता. त्याला उरकायचे होते. पुढे जमिनीच्या गिऱ्हाइकाला घेऊन तोच आला, तेव्हा घाई कसली होती ते मला कळले. त्या संध्याकाळपासून मी त्याच्याशी बोललेले नाही.

वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्रावर साक्षीला अशी माणसे असावीत ज्यांना त्यातून काही मिळत नाही. म्हणून मी कोंडाजीला साक्षीदार करायचे ठरवले आहे. त्याच्याइतके काहीच न मिळणारा दुसरा माणूस वस्तीवर नाही.

कलम सहा. होडी टांगल्यापासून पडवीत जे होते ते मी इथे लिहून ठेवते. मी घाबरट बाई नाही. भुताखेताच्या गोष्टी मी कधी सांगितल्या नाहीत आणि ऐकूनही घेतल्या नाहीत. पण जे आहे ते आहे.

पावसाळा सरला की होडीखालची जमीन ओली होते. वर पत्रा शाबूत आहे, मी स्वतः चढून बघितले आहे. त्या ओलीत झेंडूची रोपे उगवतात. मी कधी बी टाकलेले नाही. बरोबर दसऱ्याला त्यांना फुले येतात आणि मी ती तोडत नाही. आणि आतून आवाज येतो. कूस बदलल्यासारखा, पाट करकरल्यासारखा, जेव्हा पाट तर वेगळे बांधून कोपऱ्यात ठेवलेले आहेत. साधना लग्न होईपर्यंत पडवीत एकटी गेली नाही. जावई भले गृहस्थ आहेत. ते म्हणतात, फुलांचे बी घडीत अडकले असेल, आणि लाकूड हवेने फुगते, आकसते, म्हणून वाजते. मला पटते. पण लाकडाला खोकला येत नाही. यजमानांना विडीचा खोकला होता, दोनदा बारीक आणि एकदा मोठा. तो मी तीस वर्षे ऐकला आहे, तो ओळखायला मला इंजिनिअरची गरज नाही.

कोंडाजीने यांना आत मिटवले, असे मी नऊ वर्षे मानत आले. कोणी विचारले तर सांगितले नसते, पण मानत आले. मग मी होडी का उघडली नाही, असे साधनाने एकदा विचारले. मी तिला ओरडले. खरे उत्तर असे, की उघडल्यावर हाक द्यावी लागली असती.

आता जोडायची रीत लिहिताना मागच्या पाटाची खाच डावीकडे की उजवीकडे ते मला आठवेना, आणि चुकीचे लिहून मरायचे नव्हते. म्हणून चौथ्या माळेला जावयांकरवी होडी खाली काढली आणि अंगणात उघडली. ओली मिटवलेली होडी, नऊ पावसाळे. तिचा भुगा व्हायला हवा होता. एक टाका उसवलेला नाही. आत हात लावला तर गार आणि ओलसर, आणि तळाशी झेंडूच्या काळ्या पाकळ्या. मधला पाट एका दमात बसला. जावयांनी एकेक सांधा पुन्हा हाताने चाचपला.

मागच्या पाटाची खाच उजवीकडे आहे.

मी हाक दिली नाही. होडी अंगणात उघडीच आहे आणि हे मी तिच्याशेजारी बसून लिहीत आहे. उघडल्यापासून खोकला ऐकू आलेला नाही. त्याची मला जास्त भीती वाटते.

कलम सात. हे कलम आठव्या माळेला जोडत आहे. आज सकाळी सह्यांसाठी वकीलसाहेब, सुलाबाई आणि कोंडाजी आले. कोंडाजी होडीला वळसा घालून आला, तिच्याकडे बघितले नाही. फार वाकला आहे आता. चालण्यात यजमानांचीच ढब आहे, ती मला सहन होत नाही. मी कलम पाच त्याच्यासमोर मोठ्याने वाचले. साक्षीदाराला ऐकवायची गरज नसते असे वकील म्हणाले. मला होती.

कोंडाजीने पेन हातात घेतले आणि सही केली नाही. म्हणाला, "वहिनी, हाक चुकून राहिली नाय. म्या मुद्दाम दिली नाय."

त्याने पेन खाली ठेवले.

"तुम्ही दारात उभ्या व्हत्या. साधना तुमच्या मागं. समदी वस्ती बघत व्हती. म्या पाटावर थाप मारली असती, उतरा म्हणलो असतो, आन् दादा उतरला नसता. ते तुम्हाला तितं उभं राहून बघावं लागलं असतं. माझ्याच्यानं नाय झालं ते. म्हून झटक्यात मिटवली. वाटलं, वली हाय, चार पावसाळ्यात कुजून जाईल, तुम्ही इसराल." मग पहिल्यांदा त्याने होडीकडे बघितले. "कुजली नाय."

सुलाबाई त्याच्यावर खेकसली, "आरं मेल्या, मग इतकी वर्सं काय तोंडात गुळणी धरली व्हती का?"

"वहिनी बोलत नव्हत्या ना माझ्याशी," तो म्हणाला. "सांगू कुणाला?"

हे खरे आहे. मी बोलत नव्हते.

मी त्याच्यासमोर रडले, वकिलांसमोर रडले, मला लाज वाटली नाही. नऊ वर्षांत मी रडले नव्हते. गेलेल्या माणसासाठी कसे रडायचे ते सगळ्यांना येते, न आलेल्यासाठी कसे रडायचे ते मला कोणी शिकवले नव्हते. मग कोंडाजी उठला आणि होडीपाशी जाऊन वाकला. म्हणाला, "वहिनी, आता देऊ का?" मधल्या पाटावर त्याने हात उचलला. अगदी यजमान उचलत तसाच.

मी त्याचा हात धरला. आता नको, म्हटले. भाऊजी, तुमचे तेव्हाही बरोबर होते. मला अजूनही बघवणार नाही.

वकीलसाहेब म्हणाले, कलम पाच खोडून सगळे स्वच्छ लिहून काढा. मी खाडाखोड करणार नाही. लिहिले तेव्हा ते माझ्यापुरते खरे होते. त्याच्याखाली हे कलम वाचावे, म्हणजे झाले.

कलम आठ, आणि शेवटचे. मी गेल्यावर माझी राख रामकुंडावर नेऊ नये. आमची गंगा, म्हणजे गोदावरी, दारातच अडवलेली आहे. होडी वर सांगितलेल्या रीतीने जोडावी, मधला पाट आधी. साधनाने वल्हे घ्यावे, तिला उत्तम येते. राखेचे मडके पुढच्या पाटावर ठेवावे, मधला मोकळा सोडावा. आधी पलीकडे मळ्यात जावे आणि झेंडू असेल तर झेंडू, नसेल तर जे फूल असेल ते होडीत भरावे. परत येताना निम्म्या पाण्यात, सुलाबाईने दाखवलेल्या जागी, वल्हे वर घेऊन थांबावे. कोणाला चढायचे असेल तर चढू द्यावे. होडी थोडी कलली तर साधनाने घाबरू नये, मागे वळून बघू नये, आणि सरळ या काठाला यावे.

काठावर कोंडाजी भाऊजींनी उभे राहावे. ते माझ्याआधी गेले तर साधनानेच करावे. मधल्या पाटावर थाप मारून हाक द्यावी. वकीलसाहेबांना मी विचारून घेतले आहे, हाक ही मिळकत होत नाही, त्यामुळे ती भाऊजींना दिली तरी त्यांची साक्ष चालते. हाक दिल्यावर दोन माणसांना उतरायला लागेल इतका वेळ थांबावे. माझे गुडघे दुखतात, हे लक्षात ठेवावे. मग राख आणि फुले काठाच्या पाण्यात सोडावीत, होडी उन्हात पूर्ण वाळवावी आणि मगच मिटवून खुंट्यांवर टांगावी. त्यानंतर सात-बारावर कोणाचे नाव लावायचे, मळा ठेवायचा की विकायचा, ते साधनाने आणि तिच्या काकांनी बसून ठरवावे. माझी हरकत संपली.

हाक मोठ्याने द्यावी. यांना डाव्या कानाने कमी ऐकू येते.

हे सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले, आणि खालील दोघांच्या समोर सही केली.

ठिकाण: विधाते वस्ती, गंगापूर धरणाकाठ, नाशिक
दिनांक: ३० सप्टेंबर २००६

(सही) सौ. रंगूबाई सावळीराम विधाते

साक्षीदार:

१. सुलाबाई, शेजारीण. डाव्या हाताचा अंगठा. तिने पाण्यात जे पाहिले ते कलम पाचमध्ये लिहिले आहे तसेच, असे तिने पुन्हा सांगितले.

२. (सही) कोंडाजी विधाते, धाकटे दीर. सही वहिनींनी माझ्यासमोर केली. मला काही मिळालेले नाही. हाक मी देईन.